गव्हाणे सरांनी खोडलेली ओळ

यंत्र झोपलंय की नाही, हे गव्हाणे सर गालाला लावून बघायचे. टेबलावर मीटर असायचा, त्यावर करंटचा आकडा दिसत असायचा, पण सर आधी ती तळहाताएवढी पांढरी डबी उचलत, तिची पाठ गालाला टेकवत आणि डोळे मिटून थांबत. मग ज्यानं प्रोग्राम लिहिला असेल त्याच्याकडं वळून म्हणत, "झोपलीय म्हणतोस. मग अंग का तापलंय हिचं?" मीटर त्यानंतर बघायचे. गालाचं आणि मीटरचं कधी वेगळं निघालं नाही.

आमची कंपनी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत होती. बावीस माणसं, पत्र्याची शेड आणि तिच्या पोटात एक वातानुकूलित खोली. त्या खोलीत आम्ही सहा जण. सरकारी दवाखान्यांत लसी ठेवायचे जे फ्रीज असतात, त्यांच्यावर बसवायच्या डब्या आम्ही बनवायचो. डबी फ्रीजचं तापमान मोजायची, वायफायवरून पाठवायची आणि लगेच झोपी जायची. पंधरा मिनिटांनी उठायची, मोजायची, पाठवायची, पुन्हा झोपायची. तापमान चढलं तर सिस्टरच्या आणि डॉक्टरच्या फोनवर धोक्याचा निरोप जायचा. वीज गेली तर आतल्या बॅटरीवर चार दिवस टिकावी अशी अट होती. ती अट गव्हाणे सरांच्या जिवावर होती, कारण बॅटरी खाणारी वस्तू म्हणजे वायफायचं कार्ड, आणि त्या कार्डाला झोपवणारा आणि उठवणारा ड्रायव्हर, म्हणजे डबी चालवणाऱ्या लिनक्स सिस्टमच्या पोटातला तो प्रोग्राम, सरांनी लिहिलेला.

मला नोकरी त्यांनीच दिली. मुलाखतीला आम्ही नऊ जण होतो. सरांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : सिस्टम झोपायला निघाली की कार्डाची पॉवर तोडायची की चालू ठेवायची? आठ जणांनी काही ना काही ठोकून दिलं. मी म्हणाले, मला माहीत नाही. सरांनी विचारलं, गाव कुठलं. मी कन्नड म्हणाले. वडील काय करतात, तर साखर कारखान्यात बॉयलरवर. "बरं," म्हणाले, "बॉयलरवाल्याची पोरगी न बघता हो म्हणायची नाय." पुढं पाच वर्षं त्यांनी मला 'कन्नड' अशीच हाक मारली. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

शिकवायचे मात्र असे की दुसऱ्या कुणाचं शिकवलेलं नंतर पचलंच नाही. त्या मुलाखतीतल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दिलं. पॉवर चालू ठेवली तर कार्डाला सगळं आठवतं, ते पटकन उठतं, पण बॅटरी खातं. पॉवर तोडली तर बॅटरी वाचते, पण कार्ड सगळं विसरतं, आणि त्याच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, फर्मवेअर, उठल्यावर पहिल्यापासून भरावा लागतो. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. चूक एकच आहे : पॉवर तोडलेली असताना ती चालूच होती असं ड्रायव्हरनं समजणं. मग तो कोऱ्या कार्डाशी बोलत बसतो आणि उत्तराची वाट बघतो. हे सांगताना सरांनी समोरच्या कागदावर एक चौकोन काढला आणि त्यात काहीच लिहिलं नाही. "बोल ह्याच्याशी," मला म्हणाले. मी गप्प बसले. "ड्रायव्हर असाच बसून राहतो. बॅटरी मरेपर्यंत."

आमचे प्रोग्राम ते पडद्यावर वाचत नसत. छापून घेत आणि हिरव्या शाईनं खोडत. कागदाच्या कडेला शेरे असत. ते शेरे वाचून आमच्यातल्या एकीनं नोकरी सोडली, एकानं क्षेत्र सोडलं. माझ्या पहिल्या कामावर त्यांनी लिहिलं होतं, 'हे लिहिताना तू जागी होतीस?' आणि तो कागद खोलीच्या दाराला आठवडाभर लावून ठेवला होता. जेवणाचे डबे पोचवायला येणारा माणूससुद्धा तो वाचून आत यायचा. मी एकदा काढून टाकला, तर त्यांनी दुसरी प्रत लावली.

सगळ्यात जास्त मार खाल्ला तो मुजीबनं. मुजीब सिल्लोडचा. सरांचं गाव सिल्लोडपासून आठ-दहा किलोमीटरवर, म्हणून ते त्याला 'गाववाले' म्हणायचे. त्या हाकेत आपुलकी असेल असं नव्या माणसाला वाटायचं. मुजीब आमच्यात सर्वांत हुशार होता, हे आम्हाला माहीत होतं आणि सरांना आमच्याआधी माहीत होतं. बोलायचा कमी. मराठी बोलता बोलता दखनीत शिरायचा आणि स्वतःच हसायचा. ईदनंतर नान-खलियाचा डबा आणायचा, तो सर सगळ्यांच्या आधी उघडायचे, मन लावून खायचे आणि हात धुऊन येऊन त्याच दुपारी त्याची ओळन् ओळ सोलून काढायचे.

बहिणीच्या लग्नाच्या दिवसाची त्यानं सुट्टी मागितली होती. सरांनी ती दिली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, सकाळी तासभर ये, नव्या बोर्डाची, म्हणजे आतलं सर्किट बदललेली डबी हजार वेळा झोपव, हजार वेळा उठव, मग जा. मुजीब म्हणाला, त्याची स्क्रिप्ट लिहिलेली आहे, आपोआप चालेल. सर म्हणाले, स्क्रिप्टचा हात चुकत नाही, माणसाचा चुकतो, बटण हातानं दाब. लग्नाचा नवा कुर्ता घालून तो सकाळी सातला आला आणि बटण दाबत बसला. दर वेळी डबी झोपायला, उठायला, कार्ड लागायला अर्धं मिनिट. अकरा वाजता घरून फोन यायला लागले. मी म्हणाले, मी दाबते, तू जा. सर शेजारच्याच टेबलावर होते. म्हणाले, "कन्नड, तुझं काम तू कर." दुपारी, नऊशेच्या पुढं कधीतरी, डबी उठली नाही. अडकली. सरांचा चेहरा इतका उजळला की मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. त्यांनी मुजीबच्या पाठीवर थाप मारली, खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले आणि दोघांनी मिळून तो दोष शोधला. खरोखरचा दोष होता. स्क्रिप्टला तो वर्षभर सापडला नसता. मुजीब सिल्लोडला पोचला तेव्हा मांडव उतरवत होते. बहीण सासरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं अंगठ्याला पट्टी बांधली होती. मी विचारलं, राग नाही आला? तो म्हणाला, आला ना, पण माणूस बरोबर निघाला. बरोबर निघणाऱ्या माणसावर रागावून करायचं काय?

सर नेहमी बरोबर निघायचे. त्यांच्याबद्दल बोलायचं तर हे सांगावंच लागतं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

नव्या बोर्डाच्या वेळी त्यांनी ड्रायव्हरमध्ये एक ओळ लिहिली. झोपताना धोक्याचा निरोप जायचा बाकी असेल, तर कार्डाची पॉवर चालूच राहणार, असं ती ओळ धरून चालायची. मुजीबनं तिच्याखाली आणखी एक ओळ घातली. उठल्यावर कार्डाची पॉवर मध्ये गेली होती का, हे बोर्डाला एकदा विचारायचं, आणि गेली असेल तर फर्मवेअर नव्यानं भरायचं. सरांनी छापलेल्या कागदावर ती ओळ हिरव्या शाईनं खोडली आणि कडेला लिहिलं, 'स्वतःच्या घरात लाईट आहे का, हे शेजाऱ्याला विचारणार का? अनावश्यक.' मग मुजीबला म्हणाले, माझी ओळ त्या फाइलीतून उचलून ह्या फाइलीत टाक. त्यानं टाकली. आमच्याकडं कुठली ओळ कुणाची, याची नोंद कॉम्प्युटर आपोआप ठेवतो. ओळ नुसती हलवली तरी हलवणाऱ्याचं नाव लागतं. हिरव्या शाईनं खोडलेला तो कागद माझ्याकडं आला, कारण चाचण्यांचे कागद मी ठेवायचे.

त्या मे महिन्यात घाटाच्या अलीकडच्या एका गावातल्या आरोग्य केंद्रात शनिवारपासून वीज नव्हती. सिस्टर होत्या सोनवणे म्हणून. शनिवारी आणि रविवारी दोन्ही दिवस येऊन त्यांनी डबी बघितली. डबीवरचा दिवा हिरवा होता, म्हणजे सगळं ठीक, आणि फोनवर निरोप नव्हता. फ्रीज उघडायचा नाही असा नियम, तो त्यांनी पाळला. सोमवारी, लसीकरणाच्या दिवशी सकाळी, चाळीसएक बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. फ्रीज उघडला तर आतलं सगळं कोमट. पोरं परत गेली, लसी फेकाव्या लागल्या, आणि सोनवणे सिस्टरला सस्पेंड केलं.

डबीला झोपवणं म्हणजे सस्पेंड, उठवणं म्हणजे रिझ्यूम, हे शब्द आमच्या खोलीत दिवसातून शंभर वेळा उच्चारले जायचे. कुणीतरी फोन ठेवून बातमी सांगितली, तेव्हा सर मान वर न करता म्हणाले, "सस्पेंडच केलंय ना? मग रिझ्यूमही होईल." खोली हसली. मीही हसले. मुजीब हसला नाही.

चौकशीचं पत्र आलं तेव्हा सिस्टरचा जबाब सोबत होता. त्यात त्यांनी तीन ठिकाणी लिहिलं होतं की दिवा हिरवा होता. सरांनी मालकांना सांगितलं, डबी बंद पडली तर दिवा हिरवा राहूच शकत नाही, बाई खोटं बोलतेय, तिनं डबीच बंद केली असणार. मालकांनी तसंच कळवलं. मुजीबनं मात्र ती डबी मागवून घेतली, तिची बॅटरी उतरू दिली आणि बघत बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मला बोलावलं. बॅटरी अर्ध्याच्या खाली गेली की नवा बोर्ड, स्वतःला वाचवायला, झोपेत कार्डाची पॉवर तोडत होता. ड्रायव्हरला त्याचा पत्ता नव्हता. डबी उठली, कोऱ्या कार्डाशी बोलायला लागली आणि थांबली. दिवा हिरवाच. म्हणजे वीज असताना डबी उत्तम चालायची, आणि वीज गेली, फ्रीज तापायला लागला, की नेमकी तेव्हाच मुकी व्हायची.

मुजीबनं हे सरांना एकट्याला सांगितलं. मालकांना सांगायची घाई त्यानं केली नाही. सरांना बोलायची संधी मिळावी, असं त्याला वाटलं असावं.

बैठक मालकांच्या खोलीत झाली. मालक, सर, मुजीब आणि मी. सरांनी दोष नीट समजावून सांगितला, चौकोन काढून, नेहमीसारखा सुरेख. मालकांनी विचारलं, ही ओळ कुणाची? सर म्हणाले, नोंद बघा. नोंदीत मुजीबचं नाव होतं. मुजीबनं सरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझी नोकरी पक्की व्हायला दोन महिने होते. वडिलांचा कारखाना त्या वर्षी बंद होता. ही कारणं मी नंतर जुळवली. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की सर माझ्याकडं बघत नाहीयेत, आणि त्यांनी बघू नये असं मला वाटत होतं.

बाहेर चहाच्या टपरीवर मुजीबनं हळूच विचारलं, "वो कागज तेरे पास है ना?"

मी म्हणाले, "शोधते."

कागद माझ्या ड्रॉवरमध्ये वरच होता. मुजीबनं चहा संपवला, ग्लास खाली ठेवला आणि पुन्हा विचारलं नाही. त्याच आठवड्यात त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. दुरुस्ती म्हणून सरांनी ड्रायव्हरमध्ये जी ओळ घातली, ती मुजीबचीच होती, त्यांनी खोडलेली. सगळ्या डब्यांत नवा ड्रायव्हर गेला, पण आरोग्य खात्याला दोष कळवला नाही. सिस्टरनं डबी बंद केली, हेच पत्र कायम राहिलं.

मी तो कागद एका सकाळी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. का ठेवला, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. सरांनी वाचला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात टाकला. म्हणाले, ड्रॉवर आवर, लई कागद साचवतेस. महिनाभरानं पुण्याच्या एका कंपनीतून मुजीबबद्दल विचारायला फोन आला. मी शेजारीच होते. सर म्हणाले, पोरगा हुशार आहे, पण कामात काळजी नाही. मुजीब त्यानंतर सिल्लोडमध्ये एका क्लासला कॉम्प्युटर शिकवायला लागला, टायपिंग आणि एक्सेल.

माझी नोकरी पक्की झाली.

तीन वर्षांनी कंपनीनं बाहेरून तयार वायफायचा भाग घ्यायचं ठरवलं. झोपणं-उठणं तो स्वतःच बघायचा, आमच्या ड्रायव्हरचं कामच उरलं नाही. मालकांनी सरांना बोलावून पंधरा मिनिटांत सांगितलं. त्यांची बारा वर्षांची फाइल एका दुपारी काढून टाकायचं काम माझ्याकडं आलं. सर खुर्चीत बसून बघत होते. मी पुसताना कुठं चुकते का, हे बघत होते. एकदा म्हणालेही, आधी ते काढ, मग हे, नाहीतर बाकीचं मोडेल.

निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, तुझी गाडी आहे ना, उद्या फर्दापूरच्या बाजूला जायचंय. का, ते सांगितलं नाही. सिल्लोड ओलांडलं तेव्हा आपणहून बोलले. मुजीबच्या घरी गेल्या रविवारी जाऊन आलो, म्हणाले. मी विचारलं, काय म्हणाला? "पाणी दिलं. बस म्हणाला नाय." पुढं दोन्ही बाजूंनी मक्याची शेतं लागली.

सोनवणे सिस्टरला आठ महिन्यांनी कामावर परत घेतलं होतं आणि बदली इकडं, एका उपकेंद्रात केली होती. दोन खोल्या, बाहेर लिंबाचं झाड, ओट्यावर तीन बाया पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या. सिस्टर साठीकडं झुकलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. सरांनी नाव सांगितलं, कंपनी सांगितली. त्यांनी हातातलं रजिस्टर मिटलं नाही.

सर बोलायला लागले. माफी मागतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सिस्टरला बोर्ड समजावला. बॅटरी, कार्ड, झोप, पॉवर कुठं तुटते, ड्रायव्हर काय धरून चालतो. रजिस्टरच्या मागच्या पानावर चौकोन काढायला पेन काढलं, तेव्हा सिस्टरनी रजिस्टर स्वतःकडं ओढून घेतलं. सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "दिवा हिरवा होता."

"मला माहितीय," सिस्टर म्हणाल्या. "मी बघितला होता."

"ती ओळ माझी होती."

सिस्टरनी चष्मा काढला. त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत, ओट्यावरच्या बायांना ऐकू जाऊ नये इतपतच. पेपरात माझं नाव आलं होतं, म्हणाल्या. गावातल्या बायांनी पोरं आणायची बंद केली. चौकशीत साहेबानं चारदा विचारलं, दिवा कुठल्या रंगाचा होता, आणि चौथ्यांदा मीच म्हणाले की आता आठवत नाय. मग विचारलं, "हे तुम्ही तेव्हा का नाय सांगितलं?"

 सर म्हणाले, मी लेखी द्यायला तयार आहे. सिस्टर म्हणाल्या, मला रिटायर व्हायला चार महिने राहिलेत, पुन्हा ती फाइल उघडली तर पेन्शन अडकंल. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आता काय करू?"

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतका वेळ मी दाराशी उभी होते. त्यांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

मी हो म्हणाले.

सिस्टरनी चष्मा चढवला आणि ओट्यावरच्या पहिल्या बाईला आत बोलावलं. आम्ही तिथं उभं असतानाच त्या पोराच्या मांडीला कापूस लावायला लागल्या. आम्ही बाहेर आलो.

गाडीपाशी मी दार उघडलं. सर बसले नाहीत. म्हणाले, मी इथूनच गावाकडं जातो, तू जा. मी म्हणाले, सोडते ना, वाटेतच आहे. ते रस्त्याकडं बघत होते.

"मी खोटं बोललो," म्हणाले. "मला कारण होतं, माझं नाव जात होतं. तुझं काय जात होतं गं?"

 उत्तरासाठी ते थांबले नाहीत, त्यांनी हात करून सिल्लोडकडं जाणारी काळी-पिवळी जीप थांबवली. आत जागा नव्हती. ड्रायव्हर मागं जा म्हणाला. मागं दोन बाया, एक म्हातारा आणि मक्याची पोती होती. सर एका पोत्यावर चढून बसले, डोकं टपाला लागत होतं म्हणून मान खाली घातली आणि हातांनी समोरचा गज धरला. म्हाताऱ्यानं त्यांना काहीतरी विचारलं, कुठं उतरायचं असं असेल. सरांनी सांगितलं. म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही, त्यानं पुन्हा विचारलं. सरांनी पुन्हा सांगितलं. जीप निघाली तेव्हा ते तिसऱ्यांदा सांगत होते.